बाही सुटेना

“अगं, सोड की माझी बाही! धरायचा सराव कर म्हटलं, तर धरूनच बसलीस.”

बरीच वर्षं झाली, पण कृत्रिम हातांच्या दवाखान्यात मागच्या बाकावर सुनेसोबत बसलेल्या एका अनोळखी सासूचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

“सोडतेय हो आई, पण हात ऐकत नाही.”

“हात कुणाचा? तुझाच ना?”

“माझा नि यंत्राचा. एक स्नायू आवळला की मूठ मिटते, दुसरा आवळला की उघडते. तुम्ही ओरडलात की दोन्ही एकदम आवळतात. त्या बिचाऱ्यानं कुणाचं ऐकायचं?”

“म्हणजे खापर माझ्यावरच! आत तपासताना अशीच अडलीस, तर आजही हात इथंच ठेवून घरी जावं लागेल.”

“म्हणून म्हणते, जरा गोड बोला. अंग सैल पडेल माझं.”

“गोड? या वयात नवीन काय शिकू?”

“बघा, मूठ आणखी घट्ट झाली.”

“बरं बाई. केस छान दिसतायत तुझे.”

“रोज तुम्हीच तर विंचरता!”

“मग छानच दिसणार.”

दोघी हसल्या, आणि मग सासूचा आवाज निजल्या लेकरावर पांघरूण घालताना उतरावा तसा उतरला.

“त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, हात काढावा लागेल. तुझा नवरा रडत होता. मी कोपऱ्यात उभी राहून म्हटलं, हात ने रे देवा, पण माझी पोर ठेव.”

“आई... सुटली बाही.”

“सुटू दे. माझं संपलं नाही अजून. घरात तुझं पाऊल वाजलं की मी रोज देवाचे आभार मानते. तुलाच तेवढं कधी सांगितलं नव्हतं.”