सुनंदाबाईंना मी पाडलेलं नाव

मुख्याध्यापक साहेब, संस्थेची मंडळी, गडहिंग्लजहून आलेल्या बाईंच्या ताई, पालक, आणि मागं सतरंजीवर बसलेल्या माझ्या पोरांनो.

मला भाषण येत नाही. मला शिट्टी वाजवता येते. सव्वीस वर्षं मी या शाळेत पीटी शिकवतोय, आणि माझं जे काय बोलणं झालं ते मैदानावर, ओरडून. आज बाईंच्या शोकसभेत माईकसमोर हळू बोलायचंय. सांभाळून घ्या.

माझ्या आधी जे बोलले त्यांनी बाईंबद्दल फार चांगलं सांगितलं. मनमिळाऊ होत्या, सगळ्यांच्या लाडक्या होत्या. ताई, तुम्ही मान खाली घालून ऐकत होता, आणि मी तुमच्याकडं बघत होतो. तुम्हाला खरं ठाऊक असणार. बाई सगळ्यांच्या लाडक्या नव्हत्या. पोरांच्या होत्या. स्टाफरूममध्ये अजिबात नव्हत्या. आणि त्याला कारण मी हाय.

पालकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. सुनंदाबाई तीन वर्षांपूर्वी समुपदेशक म्हणून शाळेत आल्या. शनिवारी प्रत्येक वर्गाला त्यांचा एक तास. पोरांनी पोरांना छळू नये, छळ दिसला तर बाजूला उभं राहून बघत बसू नये, हाणामारीपर्यंत गोष्ट जाऊ नये, हे शिकवायचा तास. आम्हाला हसू यायचं. मारामारी करू नका हे सांगायला तास कशाला लागतोय? मी हाय की मैदानावर!

पहिल्याच वर्षी आठवीतल्या एका मुलीनं दुसरीच्या डोक्यात पाण्याची स्टीलची बाटली घातली. चार टाके पडले. आईबाप आले, आरडाओरडा झाला. तिच्या हातात दाखला द्या आणि विषय संपवा, असं आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. बाई तेवढ्या थांबा म्हणाल्या. त्यांनी त्या मुलीला, तू असं का केलंस, हे विचारलंच नाही. तुला शाळेत काय म्हणून हाक मारतात, एवढं विचारलं. ती म्हणाली, टँकर. अंगानं जरा थोराड होती पोरगी. वर्षभर सगळी शाळा तिला टँकर म्हणत होती, आणि त्या दिवशी तिच्या पाठीवर तसा कागद चिकटवला होता.

हे नाव पाडलं कुणी, ते बाईंनी शोधून काढलं. मग मधल्या सुट्टीत त्या मैदानावर माझ्याकडं आल्या. एकट्या आल्या. साहेबांना सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, सर, खो-खोचा संघ निवडताना तुम्ही म्हणाला होता, ए टँकर, बाजूला हो, मागचा खांब दिसेना. ताई, देवाशपथ सांगतो, मला ते आठवतसुद्धा नव्हतं.

आता आपलं कोल्हापूर तुम्हाला माहिताय. हितं नाव पाडल्याशिवाय माणूस आपला वाटत नाही. वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डावर खरं नाव बारीक आणि पाडलेलं नाव ठळक. उचगावात माझ्या खऱ्या नावानं घर विचारा, कुणी सांगणार नाही. शिट्टी सरांचं घर विचारा, दारापर्यंत आणून सोडतील. मला त्याचा अभिमान होता. तेच मी बाईंना ऐकवलं. म्हणालो, अहो, प्रेमानं म्हणतोय आम्ही. मलाबी शिट्टी म्हणतात, मी कुठं कुणाच्या डोक्यात बाटली घातली?

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला ते आवडतं, सर. तिला कुणी विचारलं का?" आणि वर्गात येऊन तिची माफी मागा, असंही म्हणाल्या.

माझं टाळकंच सरकलं. काल आलेली बाई मला शिकवणार? तसाच स्टाफरूममध्ये गेलो, टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, आल्या मोठ्या मलमपट्टीबाई. सगळे पोट धरून हसले. झालं, नाव पडलं.

माफी मी मागितली. दोन महिन्यांनी, आणि तीही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली, त्यांनी दम दिला म्हणून. पोरगी असू दे सर म्हणाली. तिचं टँकर हळूहळू बंद झालं. बाईंचं मलमपट्टी मात्र चालूच राहिलं. बाई आत आल्या की कुणीतरी खाकरायचं. कुणीतरी विचारायचं, कापूस आणलाय का? त्या खुर्चीवर बसल्या की आमचं बोलणं बंद. आम्ही त्यांना कधी वाईट शब्द बोललो नाही हो. आवाज चढवला नाही. हे जर कुणी पोरानं केलं असतं, तर त्याला काय म्हणतात ते बाईंनीच आम्हाला सांगितलं असतं. एक दिवस त्यांनी डबा उचलला आणि चित्रकलेच्या खोलीत जाऊन बसल्या. आम्ही म्हणालो, बाई माणूसघाणी आहे.

आणि त्याच दिवसांत त्या पोरांना काय शिकवत होत्या? प्रत्येक वर्गातल्या दोघांनी मधल्या सुट्टीत शाळाभर फिरायचं. एकटं डबा खात कोण बसलंय ते बघायचं. चौकशा करायच्या नाहीत, उपदेश करायचा नाही. नुसतं शेजारी जाऊन बसायचं आणि आपला डबा उघडायचा. एका बुधवारी त्या बाटलीवाल्या पोरीची पाळी होती. फिरत फिरत ती चित्रकलेच्या खोलीपाशी गेली. आत बाई एकट्या.

त्यानंतर दोन वर्षं, दर बुधवारी, ती बाईंसोबत डबा खात होती. ती पोरगी आता दहावीत हाय. इथंच बसलीय. मी नाव घेणार नाही, आणि कुणी मागं वळून बघू नका.

परवा ती मैदानावर माझ्याकडं आली आणि हे सगळं सांगितलं. म्हणाली, सर, मी बाईंना एकदा विचारलं होतं, तुम्हालाबी मलमपट्टी म्हणतात ना? कुणी पाडलं? बाईंनी सांगितलं नाही. मग पोरीनं विचारलं, मला आवडत नाही असं तुम्ही सांगत का नाही त्यांना? बाई म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही गं."

पोरगी रडत होती. ते नाव कुणी पाडलं हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही, माझी छातीच झाली नाही. आता कळलं असेल.

गेल्या शनिवारी बाई आल्या नाहीत. आम्हाला कळलंसुद्धा नाही. सातवीची पोरं स्टाफरूमच्या दारात आली, बाई कुठं आहेत म्हणून. रजेवर असतील, जा पळा, असं मीच म्हणालो. पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा क्लार्कनी फोन लावला. कुणी उचलला नाही. राजारामपुरीत राहतात एवढं माहीत होतं, पण कितव्या गल्लीत, ते आमच्यातल्या एकालाही सांगता येईना. तीन वर्षं एका छपराखाली काम केलेली माणसं आम्ही. शेवटी रजिस्टरमधून ताईंचा नंबर काढला. ताईंनी शेजाऱ्यांना दार उघडायला लावलं, तोवर बाई गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मोठा होता, लवकर कळलं असतं तरी उपयोग नव्हता. सगळे माझी समजूत काढायला हेच सांगतात. माझी समजूत निघत नाही.

साहेब, शनिवारचा तो तास आता स्कॉलरशिपच्या सरावाला द्यायचं चाललंय असं ऐकलं. देऊ नका. दुसरं कुणी येईपर्यंत मी घेतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाईंच्या वह्या कपाटात आहेत, त्या वाचीन. जिथं अडेल तिथं पोरांना विचारीन, त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतंय. पहिल्या तासाला, मी काय केलं, तेच त्यांना सांगणार आहे. त्यावर ती मला काय म्हणतील ते ऐकून घेईन.

आता शेवटी, सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळावी, हे सांगायचं काम माझ्याकडं दिलंय. मी ते सांगणार नाही. तीन वर्षं आम्ही बाईंसमोर शांतताच पाळली. त्या आत आल्या की पाळली, त्या बसल्या की पाळली. आणखी दोन मिनिटं त्यांना कशाला द्यायची?

उभे मात्र राहा. ज्याचं बाईंशी बोलायचं राहिलंय, त्यानं इथं ताईंसमोर यावं, फोटोकडं बघावं आणि बोलावं. हळू बोललं तरी चालेल. मी रांग लावतो, ते काम मला जमतं. रांगेत पहिला मी.

सुनंदाबाई, ते नाव मी पाडलं. मला माफ करा.