वहिनी मॅडम होते तेव्हा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. वहिनीचा गाल सुजला होता, पण तोंड काही थांबत नव्हतं.

"चल, तालीम करू. मी तुझी मॅडम. ये आत," ती नणंदेला म्हणाली.

"मॅडम, माझा पगार थोडा वाढवाल का?"

"अगं, गयावया काय करतेस? कारण सांग."

"लॅबमध्ये लहान मूल आलं की रक्त काढायला सगळे मलाच हाक मारतात. माझ्याकडे पोरं रडत नाहीत. म्हणून पगार वाढवावा, असं वाटतं."

"बस ना. पाणी घे. तू तर मला मुलीसारखी. तुझं काम मला दिसत नाही का? पण नुकतीच लागलीस. तुला आत्ता वाढवून दिलं, तर जुन्यांना काय तोंड दाखवू? जरा दम धर. तू माझ्या लक्षात आहेस."

"बरं, मॅडम. थँक यू."

"थँक यू कसलं? तोंडाला पानं पुसली मी तुझ्या!"

"इतकं गोड बोललीस, वहिनी, की मागितल्याची मलाच लाज वाटली. सुचतं कुठून तुला हे?"

"सुचायचंय काय त्यात? आमचे साहेब दरवर्षी ऐकवतात."

"मग तू काय म्हणतेस?"

"थँक यू म्हणते."

आतून वहिनीला बोलावणं आलं. ती उठली आणि पुन्हा बसली.

"तुम्ही जाता का आधी?" तिनं मला विचारलं. मग नणंदेकडे वळून म्हणाली, "आता तू साहेब हो. मी आत येते."