तिसऱ्या बाकावरची जाग

आज संध्याकाळी मतदान होतं, आणि गावकऱ्यांनी कौल दिला तरच किंचो इथल्या युनिटेरियन चर्चची पाद्री होणार होती. कालच्या रविवारी तिने नमुन्याचं प्रवचन दिलं होतं. आता ती पावाच्या रांगेत कान देऊन उभी होती, कारण पुढेच म्हातारे दोमोकोश आणि त्यांची शेजारीण रोझालिया बोलत होते.

"काल तू चक्क जागा होतास म्हणे?"

"चाळीस वर्षं तिसऱ्या बाकावर सुखाने झोपलो गं. आधीच्या पाद्रीबाबांचा आवाज म्हणजे गोधडी."

"मग काल काय झालं?"

"ही पोरगी म्हणाली, देव एकच आहे आणि शंका विचारली तर तो रागावत नाही. झोपच उडाली."

"चांगलंच बोलली की."

"डोंबल. मी एकदाच शंका काढली, तर तीन वर्षं आलुबुखारांवर गारा. बायकोला हे समजावता समजावता सूप गार झालं."

"म्हणजे मत विरोधात?"

"खुळी की काय? बाजूने. घरातल्या नऊही जणांना बजावलंय."

"अरे, पण तुला तिचं पटलं नाही ना?"

"म्हणून तर. चार मुद्दे काढून ठेवलेत. ती गावातच नसेल, तर भांडू कुणाशी?"