ठकीने मॅच सोडली

हॅलो? … हॅलो, आई? … हो, मीच बोलतेय. ठकीचा फोन माझ्याकडेच आहे. … नाही, ती नाही येणार आत्ता फोनवर. डॉक्टरांकडे आत आहे. मी बाहेर बाकावर बसलेय.

हो. … हो, बघितलंस ना टीव्हीवर? मग मला काय विचारतेस! … हो, सोडली. पुढे होती आणि सोडली. … आई, ओरडू नकोस गं, आमच्या डोक्यावरच गॅलरी आहे, लोक टाळ्या पिटतायत, मला धड ऐकू येत नाहीये. … दुसऱ्यांची मॅच सुरू झाली. यांना काय, एक उठली की दुसरी उभी.

कोण म्हणालं? … मामा? मामाला काय कळतंय टेनिसमधलं? जन्मभर पत्ते कुटले त्याने, तेही हरायला लागला की डाव उधळून. आणि तो म्हणतोय ठकीने कच खाल्ली! … हो गं, सगळ्यांनी बघितलं. शेजारच्या काकूंनी बघितलं, त्यांच्या सुनेनेही बघितलं. बघू देत.

आई, ऐक. … अगं ऐक ना! हात गेलाय तिचा. … हात. उजवा. … नाही, मुरगळला नाही, हाड तुटलंय. … आज नाही, तेच तर सांगतेय. जुनं आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, दिव्याच्या काचेवर लावला आणि पहिलं काय विचारलं माहितीये? 'ही इतके महिने खेळली कशी?' … सरांना विचारलं. सर म्हणाले, 'जिगर आहे पोरीत.' वर छाती फुगवून म्हणाले! बाईंनी असं बघितलं त्यांच्याकडे, की मीच खाली मान घातली. कोचचा पगार जणू मीच घेते.

अगं तळहातात असतं एक एवढंसं हाड. रॅकेटच्या मुठीचं टोक टेकतं ना, तिथे. प्रत्येक फटक्याला तिथेच ठोसा. … हो, ते तुटलं. आणि त्या तुटक्या कडेवर बोटांची शीर घासतेय. विहिरीच्या काठावर दोर घासावा तशी. … बाई म्हणाल्या, आता धाग्यावर आलीये. तुटली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटणार नाही. … कधीच म्हणजे कधीच. रॅकेटचं सोड, तिला स्वतःची वेणी घालता येणार नाही.

नाही, फटका मारताना नाही झालं काही. घाम पुसायला गेली आणि टॉवेल धरता येईना. खाली पडला. उचलला, परत पडला. मग नेटपाशी गेली आणि 'सोडते' म्हणून हात मिळवायला डावा हात पुढे केला. समोरच्या पोरीला वाटलं, ही चेष्टा करतेय. … रडली? ठकी? … आई, ती रडणारी असती तर आज ही वेळ आली असती का?

हो, शांत दिसत होती. ती नेहमीच शांत दिसते. … मला सांगू नकोस टेम्परामेंट. बाबांनी ठकी नाव का पाडलं? लाकडाची बाहुली, पडली तरी रडत नाही. कौतुकच होतं ना ते? … मी कुठे बाबांना बोल लावतेय? … बरं, लावतेय. लावतेय, जा.

ते डाव्या हाताने तारा सरळ करणं आठवतंय? … हो, तेच. पॉइंट गेला की पाठ फिरवायची, रॅकेट काखेत धरायची आणि डाव्या हाताने जाळीतली एकेक तार सारखी करायची. टीव्हीवरचा तो कोटवाला काय काय बोलला होता त्यावर! 'मनावर ताबा पाहा, ही साधना आहे साधना.' सरांनी तर क्लबातल्या बारक्यांनाही शिकवलं. रांगेत उभी पोरं, काखेत रॅकेटी, डाव्या हाताने तारा चाचपतायत. … अगं उजव्या बोटांत जोरच नव्हता तिच्या! तारेत बोट घालता येत नव्हतं म्हणून डावा हात. … हो. … हो ना. आजारपण होतं ते. आणि आपण त्याची शिकवणी काढली.

बाबा तिथेच आहेत? … नको, देऊ नकोस त्यांना. … देऊ नकोस म्हटलं ना! स्पीकरवर ठेवलायस का? … काढ आधी. … काढलास? स्वयंपाकघरात ये जरा. … आलीस?

आता ऐक नीट. सरांनी त्यांचा एक डॉक्टर आणलाय. … इथला नाही, त्यांच्या ओळखीतला. पलीकडच्या खोलीत सुई घेऊन बसलाय. म्हणे हातात इंजेक्शन द्यायचं, सूज उतरते, दुखणं दबतं, पुढच्या आठवड्यात कोर्टावर. … हो, मला माहितीये पुढच्या आठवड्यात काय आहे. मोठी स्पर्धा, पहिल्यांदाच थेट प्रवेश. … माहितीये आई, तू मला काय सांगतेस, मीच तिच्या बॅगा भरल्यात त्यासाठी. … पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या सुईने शीर आणखी कमकुवत होते. दुखणार नाही, म्हणून ती जोरात मारेल, आणि जोरात मारलं की तुटेल. त्यांचं म्हणणं, आजपासून रॅकेट बंद, चार दिवसांत ऑपरेशन, मग पुढल्या वर्षी खेळू दे की खुशाल. हात राहिला तर खेळेल ना?

बाबांचं सरांशी बोलणं झालं? … कधी? … अच्छा. म्हणजे ठरलंच. … नाही, मला कशाला कोण विचारणार!

काय म्हणालीस? … परत बोल. … मी जळते? तिच्यावर? … हो, मला नाही जमलं. मी कधी म्हटलं जमलं म्हणून? देवाने तिला हात दिला आणि मला तोंड दिलं. तिचा हात म्हणजे… आई, मी तिच्यासमोर रोज खेळते सरावाला. मी चेंडू बघून पळते, ती चेंडूच्या आधी पोचलेली असते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पहिली दोन वर्षं वाटलं, खोटं कशाला बोलू? नंतर नाही.

पण बाबांचा तो खेळ आठवतो तुला? … तो गं, मुद्दाम चुकीचं सांगायचे तो. चेंडू रेषेच्या आत पडला तरी 'बाहेर' ओरडायचे. मन घट्ट करायचं म्हणे. कुरकुर केली की गेम पहिल्यापासून. मी रॅकेट आपटायची, भांडायची, 'आत होता, आत होता!' करून घसा बसायचा माझा. आणि ठकी… एवढीशी होती, रॅकेट तिच्यापेक्षा मोठी. ती फक्त वळून आपल्या जागेवर जायची. बाबा म्हणाले, हिच्यात दम आहे, आणि ही भांडकुदळ. तिथेच आमचा निकाल लागला. … आई, तिला माहीत होतं गं चेंडू आत होता ते. माहीत असून गप्प बसायला शिकली ती. त्याला तुम्ही दम म्हणालात.

बरं. … बरं, सोडलं. जुनं नाही काढत. माझं एकच काम आहे तुझ्याकडे. बाई म्हणाल्या, मुलगी सज्ञान आहे, ती म्हणेल ते होईल. म्हणून मी ठकीला विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणाली, 'आई काय म्हणते?' … हो, तुझंच नाव घेतलं. बाबांचं नाही, सरांचं नाही. … म्हणून म्हणते, तू बोल तिच्याशी. ऑपरेशन कर, आता पुरे, एवढं म्हण. बाबांचं मी बघते, मला बोलणी खायची सवय आहे.

काय? … आई, रडू नकोस. मी तुला कुठे दोष देतेय? … काय वाटलं होतं? … बर्फाने जाईल? … म्हणजे? … थांब, थांब. तुला माहीत होतं?

कधी सांगितलं तिने? … फोनवर. … काय म्हणाली नक्की? … हातातून पेला सुटतो म्हणाली. … आणि तू काय म्हणालीस? … बोल ना. … 'सरांच्या कानावर घालू नकोस, बर्फ लाव, लक्ष देऊ नकोस.' … हं. … म्हणून मलाही नाही सांगितलं. मी तिच्याच खोलीत झोपते. रोज विचारायची, बरी आहेस ना? 'हो ताई.' दात घासायला डावा हात, चमचा डाव्या हातात. मला वाटायचं, हेही सरांचंच काहीतरी नवीन.

नाही, मी ओरडत नाहीये. … आई, तू काही मुद्दाम केलं नाहीस. कुठली आई करेल? पण आता तरी… हो. … हो, तेवढंच. आधी दुखतंय का विचार. तुम्हां दोघांपैकी कोणी तिला हे कधी विचारलंय, मला आठवत नाही. तिचं 'हो' आलं की म्हण, मग पुरे. … नक्की? … बघ हां. बाबा मागे उभे असले तरी म्हणशील? … बरं. थांब, दार उघडलं. आली ती.

ठकी, इकडे ये. आईचा फोन. … असू दे, तू नको धरूस, मी धरते कानाशी. बोल.

— आई. … हो. … हो, खाल्लं. … आहे, ताई इथेच आहे. … काय? … नाही. … नाही गं, नाही दुखत. … खरंच. … थोडं जड वाटतं, बस. … नाही ना, आई. तुझी शपथ. … हो. … हो, सर उभे आहेत. … तू रडू नकोस. … बरं. घे, ताई.

हॅलो. मी. … हो, ऐकलं. इथेच होते ना मी. … विचारलंस तू, हो. बरोबर विचारलंस. मी म्हटलं तसंच विचारलंस. … आई, ती खोटं बोलली. … अगं, घाम फुटलाय तिला, ओठ पांढरे पडलेत, आणि 'नाही दुखत' म्हणताना ती सरांकडे बघत होती. … परत बोल तिच्याशी. नुसतं विचारू नकोस, सांग तिला. तू सांग, आई, 'माझ्यासाठी कर' म्हण. … का नाही?

… काय म्हणालीस? … 'तीच म्हणते दुखत नाही, तर आपण कोण?' … आई, हाडाचा फोटो आहे. दोन तुकडे आहेत. … हो, शपथ घेतली तिने. तुझी शपथ घेऊन ती काहीही बोलेल, तू रडत होतीस ना! … हायसं वाटलं? तुला हायसं वाटलं?

हॅलो? … आहे मी. … बाबांना सांगितलंस पण? … एवढ्यात? … नको, देऊ नकोस त्यांना. मला नाही ऐकायचं.

सर नेतायत तिला. … पलीकडे, त्या खोलीत. … दार उघडंच आहे, दिसतंय मला. … बसली खुर्चीवर. … नाही, जबरदस्ती कुठली? कोणी हात लावला नाही तिला. … आई, तिने स्वतःच बाही वर केली. हात पुढे धरलाय. … नाही, थरथरत नाहीये अजिबात. तो डॉक्टर म्हणतोय, असा पेशंट पाहिला नाही.

ठेवते मी.