साडूच्या तलावातलं शेवाळ

हसा... हसा तुम्ही! तुमच्या परसात नाही ना हिरवं पाणी साचलं! अहो, हौसेने पोहायचा तलाव बांधला, निळाशार, आणि आठवडाभर गावाला काय गेलो, परत येऊन बघतो तर... भिंतींना हे असं बोटभर शेवाळ! आणि मुहूर्त बघा, त्याच दिवशी साडू सहकुटुंब पोहायला हजर! कमरेवर हात ठेवून काठावर उभा राहिला आणि म्हणतो कसा, "काय साडूभाऊ, बेडकांकडून भाडं घेता, की घरचेच समजता?" सगळे हसले हो! आणि सगळ्यांत मोठ्याने कोण? आमची ही!

तुम्हाला सांगतो, मी सगळं विसरेन, पण हे विसरणार नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात. क्लोरीनवाला म्हणाला, "शेवाळ दिसल्यावर मारायचं नसतं साहेब, दिसायच्या आधी मारायचं." साडूचं नाव घेऊन पाठ केलं मी ते वाक्य! मग काय... ऊन उतरलं की क्लोरीन, रोज फिल्टर, पान पडलं की उचल, आणि ब्रश! कोपरे, पायऱ्या, शिडीची पाठ... तिथेच दडतं हो ते, लबाड! घासताना मला भिंत दिसतच नव्हती, साडूचं थोबाड दिसत होतं! असं घासलं, असं घासलं... पाणी आरशासारखं!

ते बघून साडू जळला. आणि त्याने काय करावं? स्वतःचाच तलाव बांधला! माझ्यापेक्षा मोठा! आणि तोही झाडाखाली, दिवसभर पानं पाण्यात! मला फोन, "काही काळजी घ्यावी लागते का हो?" मी अगदी मधाळ आवाजात, "छे छे! पाणी भरा आणि डुंबा!"

सगळं विसरेन, पण हे? अहो, रोज बायकोला विचारायचो, "तुझ्या ताईचा फोन?" ती म्हणायची, "हे काय प्रेम उतू चाललंय?" "सहज गं!"

आणि आला फोन! हिरवंगार! इस्त्रीचा शर्ट घालून गेलो मी! बेडकांचं वाक्य जिभेवर घोळवत काठावर उभा राहिलो, कमरेवर हात ठेवले, तोंड उघडलं... आणि साडूने मिठीच मारली! डोळ्यांत पाणी! "साडूभाऊ, सगळे हसले हो मला. आता तुमचाच आधार!" मिठीत घेतलेल्या माणसाला टोमणा मारायचा कसा, सांगा ना? तेवढ्यात आमची ही, कौतुकाने, "अगं ताई, ह्यांचा हात बसलाय त्यात! येतील की दर रविवारी!"

येतील की!

म्हणून सांगतो, रविवारी मला कुठे बोलावू नका. रविवारी मी छातीभर पाण्यात उभा राहून साडूचा तलाव घासतो. आणि साडू? खुर्चीत, पाय पसरून! तिथून नुसतं बोट दाखवतो, "थोडं डावीकडे राहिलंय हं." अस्सा संताप येतो... ब्रश त्याच्याच डोक्यात घालावा असं वाटतं... मग मान वळवून बघतो...

आणि राहिलेलं असतं हो!