पंच म्हणून केलेली सई

मी मुरब्याची. बाप मच्छीमार, नवरा मच्छीमार, आणि मी लग्न झाल्यापासून बोयसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. तोंडानं फटकळ हाय, सगळ्यांना ठाव हाय. चौथी शिकले, सई येते, आमच्या वयाच्या बायांत सई येणाऱ्या दोघीच, त्याचाच तोरा नडला, काय सांगू तुमाला.

एक हवालदार माझं गिऱ्हाईक व्हता. एक दिवस कागद घेऊन आला, बोलला मावशी, पंच पाहिजे, सई येते ना, कर इथं. काय लिवलंय ते मी इचारलं नाय. हात लुगड्याला पुसला आणि झोकात सई केली. पंच म्हंजे पोलिसांनी काय पकडलं ते सोताच्या डोळ्यांनी बघणारा माणूस. मागनं कळलं, कागदात लिवलेलं, बोयसरजवळच्या सरावलीच्या एका खोलीतून माझ्या समोर चोरीची तांब्याची तार काढली. मी तवर सरावलीत पाय पण ठेवला नव्हता.

खोली महेंदरची. यूपीचा, कंपनीत कामाला, तेव्हा बाविशीतला. जामिनावर सुटला, पण काम गेलं, आणि केस चालू हाय म्हणून दुसरी कंपनी घेईना. सरावलीच्या बाया मासळीला येतात, त्या बोलायच्या, मी खाली मान घालून ऐकायची.

मग मला समन्स आलं. पोलीस दारात, मी दारामागनं सुनेला बोलले, सांग, सासू माहेरी गेली. माहेर पण मुरब्यातच, चार घरं सोडून, पण त्या पोलिसाला काय ठाव. पुढच्या वेळी आजारी, मग लग्नाला, असं करत करत वर्षं गेली. खोटं बोलावं तर पाप, खरं बोलावं तर मलाच आत टाकतील, ही भीती. आणि तिकडं महेंदर दर तारखेला कोर्टात उभा, साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख.

माझ्या भावाचा मुलगा गुजरातेत बोटीवर असतो, तिकडं मारामारीत त्याच्यावर केस झाली, दोन वर्षांत निकाल लागला पण. मी घरात बोलले, बघा, तिकडची कोर्टं बरी, आपल्याकडं नुसत्या तारखा. सून भाकरी थापत व्हती, वर न बघता बोलली, आई, तिकडं साक्षीदार गेले असतील.

तरी गेले नाय हो. लाज वाटते सांगायला, पण लिवा तुमी. शेवटी वॉरंट आलं, उचलून नेतील म्हणून गेले, अकराव्या वर्षी. पिंजऱ्यात उभी राहिले, बोलले, साहेब, सई माझी हाय, पण मी काय बघितलं नाय. पाच मिनिटांत झालं. पुढच्या महिन्यात महेंदर सुटला.

तो बाजारात शोधत आला. डोकं निम्मं पांढरं झालेलं. पाया पडला, बोलला, मौसी, आपने बचा लिया. त्याला वाटतं पोलिसांना मी सापडतच नव्हते. मी दारामागं उभी असायची हे त्याला अजून सांगितलं नाय, तोंडाशी येतं आणि गिळते. आता दर रविवारी येतो, दुसऱ्या कोणाकडं मासळी घेत नाय. लहान मुलगी हाय त्याची, तिला सांगतो, दादी के पैर छू, ये सच बोलनेवाली है. ती वाकते, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवते, सुखी राहा बोलते.