रेडिओवर थाप केव्हा मारायची

हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लागायला अवकाश होता. शिक्षिकाबाईंनी तपासायला वह्या काढल्या खऱ्या, पण मागच्या बाकावर एका म्हाताऱ्या जोडप्याच्या गप्पा रंगलेल्या. वह्यांत लक्ष कुठलं लागायला!

“त्या दिवशी तुमचं हृदय नुसतं थरथरतंय, आणि तो अँब्युलन्सवाला म्हणतो, शॉक नको इतक्यात.”

“का म्हणे?”

“मशीन सांगत होतं. थरथरीच्या लाटा बारीक आहेत, आत्ता शॉक दिला तर फुकट जाईल. आधी छाती दाबा, लाटा मोठ्या होऊ देत.”

“बरोबरच आहे. आपला जुना रेडिओ आठव. बारीक खरखर असताना मी कधी थाप मारली?”

“छे! आधी तापू द्यायचात. मला मेलीला गाणं चुकेल म्हणून घाई.”

“खरखर जोरात आली, की मग एकच थाप...”

“आणि गाणं सुरू! शेजारीपाजारी खिडकीशी जमायचे.”

“तू हातातलं काम टाकून यायचीस.”

“पुरे हो. तर मी त्या अँब्युलन्सवाल्या पोराची बाही धरली. म्हटलं, दे शॉक, माझा माणूस चाललाय!”

“मग?”

“म्हणाला, ‘थांबा आजी, इतक्यात नको.’”

“ऐकलंस?”

“जन्मभर त्या रेडिओपाशी तुम्ही हेच म्हणत आलात. मला वाटलं, तुम्हीच बोललात. सोडली बाही.”

नर्सने दारातून हाक मारली, “आजोबा, चला आत.”

“थांब पोरी,” आजोबा म्हणाले, “इतक्यात नको.”